पास्कूमामांच्या रेडिओतला ट्रिमर

मंडळाच्या फळ्यावर हे मुद्दाम चिकटवतोय. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांनी वाचा.

आज सकाळी पाचूबंदरचे पास्कूमामा तणतणत आले. रेडिओ टेबलावर आपटला. "उन्हात तापला की टेशन सरकतं. वादळाची बातमी अर्धीच ऐकली. होडीत पानी शिरलं तवा समजलं!"

उघडून बघितला. स्टेशन जुळवणारा ट्रिमर, म्हणजे तो छोटा कपॅसिटर, मूळचा अभ्रकाचा. आपल्या सुहासने तिथे प्लास्टिकचा ठोकलाय. विचारलं तर म्हणतो, "माप तर जुळतंय, पीएफ तोच आहे ना?"

अरे, प्लास्टिक तापलं की ते माप बदलतं, अभ्रकाचं फारसं नाही. पार्ट नंबरात आकड्यांनंतरचं अक्षर आत अभ्रक आहे की प्लास्टिक ते सांगतं. ते काय शोभेला छापतात?

पीएफ जुळला की झालं म्हणणाऱ्यांनी पुढच्या वादळात मामांच्या होडीत बसावं, हाच रेडिओ मांडीवर घेऊन. बोला, कोण येतंय?