बाटलीत केळी वाढवणाऱ्या अंबुजाक्का

अंबुजाक्कांच्या प्रयोगशाळेत दोन प्रेशर कुकर होते. एकात केळीच्या रोपांचं खाद्य निर्जंतुक व्हायचं. दुसऱ्यात, मागच्या व्हरांड्यातल्या स्टोव्हवर, आमचा दुपारचा भात शिजायचा. राजधानीतून कुणी साहेब 'बायोटेक्नॉलॉजी' पाहायला आले की अक्का हटकून त्यांना भाताच्या कुकरपुढे उभं करीत आणि मोठ्या गंभीरपणे सांगत, "हाय प्रेशर युनिट, सर. शिट्टी होईपर्यंत मागे उभे राहा." साहेब मागे सरकत. एकानं तर फोटोही काढून नेला. गाडी फाटकाबाहेर पडली की अक्का झाकण काढीत आणि मला म्हणत, "ये ग, जेव. तपासणी झालेला भात आहे."

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. देशाची दारं उघडली म्हणून सगळीकडे बोलबाला होता आणि मी सांगलीहून थेट तंजावरला येऊन पडले होते. ऊतीसंवर्धन शिकायचं होतं. म्हणजे केळीच्या गड्ड्याचा कोंब कापून, त्यातला नखाएवढा निरोगी तुकडा बाटलीत वाढवायचा आणि त्यापासून रोपं करायची. आमच्या प्रमुख डॉक्टर अंबुजाबाई असं ऐकलं होतं. तामीळ येत नाही या धास्तीनं मी इंग्रजी वाक्यं घोकत दारात उभी राहिले, तर जरीकाठाची सुती साडी, त्यावर पांढरा कोट आणि नाकात दोन्ही बाजूंना चमक्या अशा एक ठेंगण्या बाई म्हणाल्या, "सांगलीची काय ग तू? जेविलीस का?"

कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी घराण्यातल्या त्या. मराठी आईच्या तोंडून शिकलेली, त्यामुळे जुन्या वळणाची आणि तामीळ हेलाची. देवनागरी मात्र त्यांना वाचता येत नसे. मराठी चिठ्ठ्या त्या तामीळ लिपीत लिहीत. मी नुकतीच ती अक्षरं शिकत होते. त्या लिपीत प आणि भ एकच, त आणि द सुद्धा एकच. एकदा व्हरांड्यातल्या कपाटावर त्यांनी चिठ्ठी लावली होती. मी अक्षर अक्षर जुळवून मोठ्यानं वाचलं, "पाद झाकून ठेव." अक्का टेबलाला धरून हसू लागल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "भात ग, भात! पण असू दे. दोन्ही झाकून ठेव. लॅब शुद्ध राहील."

त्या वर्षी तिरुवैयारूकडच्या बागांत पर्णगुच्छ रोग शिरला. पानं आखूड होऊन झाडाच्या डोक्यावर झाडूसारखी ताठ उभी राहतात आणि घड येतच नाही. मावा हा बारीक किडा तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. औषध नाही. आधी मावा मारायचा आणि मग रोगट झाड गड्ड्यासकट खणून काढायचं, एवढाच उपाय. अक्का मोपेडवरून गावोगाव हेच सांगत हिंडल्या. लोक त्यांना कॉफी देत, 'सरी अम्मा, सरी अम्मा', म्हणजे 'बरं बाई, बरं', म्हणत आणि झाडं तशीच ठेवत. उभं झाड कापा म्हणणाऱ्या बाईचं कोण ऐकणार?

त्यात एक टायवाला तरुण उगवला. कुठल्याशा नव्या कंपनीचा. त्याच्याजवळ तपकिरी औषध होतं: परदेशी तंत्रज्ञान, त्यात जिवंत जीवाणू, फवारलं की पानं पुन्हा पसरणार. झाड तोडायला नको म्हटल्यावर बागाईतदार त्याच्यामागे धावले. अक्कांनी एका शेतकऱ्याकडून थोडं औषध आणून तपासलं. त्यात जिवंत असं काही नव्हतंच. मी चिडून म्हटलं, "आपण गावात जाऊन हे सांगू या."

"काय सांगशील? त्यात काही नाही म्हणून? तो म्हणेल, यांचं यंत्र जुनं," अक्का म्हणाल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर कुकरपुढचा तो गंभीर भाव आला आणि माझ्या लक्षात आलं, आता काहीतरी होणार.

कालव्याकाठच्या गावात पिंपळाखाली सभा भरली होती. टायवाला बोलून थांबला, तशा अक्का उठल्या आणि त्यांनी औषधाची तोंडभरून स्तुती केली. मी चक्रावले. मग त्यांनी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एकीच्या गळ्यात लाल दोरा, दुसरीच्या हिरवा. आत तसंच तपकिरी पाणी.

"तंबी, चांगल्या मालाची नक्कल फार होते," त्या धाकट्या भावाला म्हणावं तशा लाघवीपणे म्हणाल्या. "आमची माणसं भोळी. खरं औषध कसं ओळखायचं, ते एवढं शिकवून जा."

तरुण खुलला. त्यानं दोन्हींतले थेंब तळहातावर घेतले, चोळले, हुंगले, बाटल्या उन्हात धरल्या. मग लाल दोऱ्याची बाटली उंच करून म्हणाला, "हे आमचं. यातले जीवाणू जिवंत आहेत, वासावरूनच कळतं. ते हिरवं बनावट. ते झाडांना घालाल तर झाडं जातील."

"नक्की?"

"मॅडम, माझा रोजचा अनुभव आहे."

अक्कांनी लाल दोऱ्याची बाटली घेतली, बूच काढलं आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायल्या. सभेत एकच हलकल्लोळ झाला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि हिरवी बाटली पुढे केली. "घ्या, उन्हातून आलात सगळे. सकाळी घरी गूळ कालवला, दोन्हींत तोच आहे. लाल बाटलीत जरा कमी पडला की काय!"

पुढे बसलेले म्हातारे रामय्या, गावातले सर्वांत मोठे बागाईतदार, त्यांनी हिरव्या बाटलीतलं चाखून पाहिलं आणि असे हसले की त्यांना ठसका लागला. मग सगळी सभाच हसली. टायवाला तेवढा मान खाली घालून आपल्या बाटल्या आवरत राहिला.

हसू ओसरलं आणि रामय्यांचा चेहरा उतरला. आशा गेली होती ना. "मग अम्मा, औषध काय?" त्यांनी विचारलं.

"कुदळ," अक्का म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या.

"बोलायला सोपं आहे. बाग तुमची असती तर?"

अक्कांनी रामय्यांचा हात धरून त्यांना कालव्याच्या पुलावरून पलीकडे नेलं. आम्ही सारे मागोमाग. पलीकडे अक्कांच्या माहेरची बाग होती, त्यांच्या वडिलांनी लावलेली. निम्म्याहून अधिक जमीन उघडी पडली होती. नुसते खड्डे आणि बांधावर सुकत पडलेले गड्डे. मलाही हे ठाऊक नव्हतं. दूरवर त्यांचे भाऊ पाणी सोडत उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

"बोलत नाही माझ्याशी," अक्का हलक्या आवाजात म्हणाल्या. "बोलेल. रोपं आली की बोलेल."

रामय्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून डोक्याला बांधलं आणि गड्याला हाक मारून कुदळ मागवली.

परत निघताना टायवाला रस्त्यानं चालत बस थांब्याकडे जाताना दिसला. ऊन मरणाचं होतं. अक्कांनी मोपेड थांबवली, मला खाली उतरवलं आणि त्याला मागे बसवून घेऊन गेल्या. त्याचा टाय वाऱ्यावर उडत होता आणि तो सीटच्या कडेला जेमतेम धरून, अंग चोरून बसला होता. मी झाडाखाली थांबून हसत होते. पण त्यांनी त्याला वाटेत काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही.

पुढच्या हंगामात आमची बाटलीतली रोपं त्या गावात गेली. काही बागाईतदार "काचेतली पोरं उन्हात टिकायची नाहीत" म्हणून बाजूला राहिले, त्यांच्या बागा गेल्या. कालव्याच्या दोन्ही काठांवर मात्र घड लागले. अक्कांचे भाऊ एक घड खांद्यावर घेऊन प्रयोगशाळेत आले, टेबलावर ठेवून म्हणाले, "आकार जरा लहान आहे." अक्का म्हणाल्या, "बोललास तर!" आणि दोघं एकमेकांकडे न बघता हसत राहिली.

अक्कांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्या काम करीत होत्या, एवढं तिथल्या मुलींनी मला कळवलं. मी पुण्याला एका बियाणे कंपनीत नोकरी धरून तंजावर सोडलं, त्या दिवशी त्या स्टेशनवर आल्या होत्या. गाडीला अवकाश होता. फार दिवस मनात होतं ते मी विचारलं, "अक्का, त्या दिवशी तुम्ही केवढा धोका घेतलात! त्या पोरानं 'मला दोन्हींत फरक कळत नाही' असं म्हटलं असतं, तर काय केलं असतंत?"



"तर त्याला तिथल्या तिथे आपल्या लॅबमध्ये नोकरी दिली असती," त्या म्हणाल्या.