दोन नंबर उजळ

ताईची डावी तर्जनी शटरखाली सापडून गेली, आणि आबिड्समधल्या ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर ती हात पदराखाली धरून बसू लागली. परदेशी माल तेव्हा नुकताच सहज मिळू लागला होता. चिक्कडपल्लीत एक कारागीर त्यातूनच सिलिकॉनची बोटं करतो, नखांसकट, सुरकुत्यांसकट, असं कळलं. मी तिला घेऊन गेलो. बोलायला मीच, मी असताना दुसऱ्या कुणी तोंड उघडायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

म्हाताऱ्या कारागिरानं रंगांच्या पट्ट्या ताईच्या सावळ्या हाताशी धरून एक निवडली. उजव्या तर्जनीचा साचा घेतला.

"माझं वाटलं पाहिजे, बस्स," असं म्हणून ताई हात धुवायला आत गेली.

तेवढ्यात मी पुढे वाकलो. "चाचा, दो नंबर गोरी बनाओ."

ताईसाठी पुण्याचं स्थळ येणार होतं ना!

"हाथ तो वैसाच रहता ना, साब?"

"हाथ कू मैं पावडर लगातूं!" मी खूश होऊन म्हणालो. तो हसला नाही.

पंधरा दिवसांनी बोट आलं. नख असं, की कापावंसं वाटावं. ताईनं ते चढवलं, हात दारातल्या उन्हात धरला. चार बोटं तिची आणि एक पाहुणं.

"ये किसकी उंगली है?" तिनं हात म्हाताऱ्यासमोर धरला. "मैंने क्या बोली थी आपको?"

आणि मी? मी बाह्या सरसावल्या. "क्या मियाँ, आँखां नहीं क्या?" काय तो माझा अभिनय!

म्हाताऱ्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिला म्हणाला, "गल्ती हो गई, अम्मा. फिर से बनातूं."

या वेळी त्यानं मला बाहेर बसवलं. आतून ताईचा आवाज येत होता, "नक्को, और काला. और."

ते बोट जुळलं. ताई दोन्ही हात काउंटरवर ठेवून बसू लागली. पुण्याच्या मंडळींसमोर मी हा किस्सा रंगवला, आंधळ्या कारागिराची नक्कल करून. हशा! पुढे कितीतरी बैठका त्यावर मारून नेल्या. ताईचा रंग मलाच लपवावासा वाटला होता, हे त्यात कधी आलं नाही.

मागे एकदा नक्कल संपल्यावर ताई म्हणाली, "भला माणूस होता रे. मी उगाच बोलले त्याला. अजून लागतं मनाला."

मी चहा मागवला.

आता खरं ते लिहून काढलंय. ताई विद्यानगरला राहते, दहा मिनिटांवर. अजून तिला वाचायला दिलेलं नाही.