खडकातलं चर्च आणि वैद्यकाकू

तुर्कस्तानात डोंगर पोखरून केलेली फार जुनी चर्चं आहेत. आमची सहल तिथे पोचली तेव्हा टूर मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, "वैद्यकाकू, पायऱ्या उभ्या आहेत. तुम्ही बसमध्येच थांबा."

काकू शांतपणे बूट काढू लागल्या.

"अहो, इथे आता कोणी पूजा करत नाही. नुसते अवशेष आहेत."

"असू देत. देवाच्या दारात मी बूट घालून जात नाही, आणि दारातून परतही फिरत नाही. हे गुडघे घेऊन पुन्हा कधी येणार मी?"

मग पायऱ्यांकडे पाठ करून, एकेका पायरीवर बसत काकू वर सरकू लागल्या. मी खाली, झेलण्याच्या पवित्र्यात. वाटलं, छिन्नी घेऊन या डोंगराला भिडलेल्या त्या पहिल्या भक्तांनाही कोणीतरी घरी बसायला सांगितलंच असेल. आपण पाहायला येतो ते त्यांच्या न ऐकण्याचे अवशेष.

वर पोचून काकूंनी भिंतीवरच्या पुसट चेहऱ्यांना हात जोडले.

खालून मॅनेजर ओरडला, "काकू, आता उतरणार कशा?"

"चढायचं माझं मी बघितलं," काकू म्हणाल्या. "उतरवायचं तू बघ."