दोन झाडं, एक झोळी आणि दाव्याची गाठ

आमच्या कंपनीची पोस्टिंग ईशान्य सीमेवरच्या जंगलात झाली तेव्हा मी नाईक होतो, दहा जणांच्या सेक्शनचा कमांडर. तिथं जमिनीवर झोपायची सोय नव्हती. पाणी, जळवा, मुंग्या. प्रत्येकाला कॅनव्हासची एक झोळी मिळाली, दोन दोर, मच्छरदाणी आणि वर ताणायला ताडपत्री. धारवाडच्या चार मास्तरांनी परवा सुभाष रोडवरून तसल्याच झोळ्या आणल्या. ते तिला हॅमॉक म्हणतात. दांडेलीकडं रानात निजायला जायचंय, दोर कुठला घ्यावा, असं विचारायला आले. म्हटलं, लिहूनच देतो.

झाड जिवंत हवं आणि मांडीएवढं जाड. बांधायच्या आधी वर बघा. वाळकी फांदी दिसली तर दुसरं झाड शोधा. झाडाभोवती चार बोटं रुंद पट्टा घाला, म्हणजे साल सोलत नाही. नायलॉनचा दोर ताणतो. संध्याकाळी कमरेइतक्या उंचीवर निजलेला माणूस पहाटे बुड टेकून उठतो. मी उठलोय. न ताणणारा पॉलिएस्टरचा घ्या. झोळी फार ताठ बांधू नका, थोडा झोल ठेवा आणि तिरकं निजा, पाठ धरत नाही. दोराला एक चिंधी बांधा. दोरावरून ओघळणारं पावसाचं पाणी तिथंच गळून जातं.

गाठीचं मात्र नीट ऐका. आमचा नियम होता, गाठ अशी हवी की शेपूट ओढलं की सुटली. पहाटे चार पन्नासला स्टँड-टू. उजाडताना हल्ला व्हायचा धोका, म्हणून त्या वेळी प्रत्येकजण खंदकात, रायफल समोर. त्याआधी दोन मिनिटांत झोळी उतरवून पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत. संध्याकाळी प्रत्येक गाठ मी स्वतः तपासायची.

सेक्शनमध्ये अळणावरजवळच्या खेड्यातला मारुती होता. शेतकऱ्याचा मुलगा, वय तेवीस, बैलांत वाढलेला. मी शेजारच्या गावचा, म्हणून मला अण्णा म्हणायचा. एकदा त्याची सुटती गाठ आपोआप सुटली आणि गडी दाणकन चिखलात. सगळा सेक्शन आठवडाभर हसत होता, सगळ्यांत जास्त मी. त्यानंतर एका संध्याकाळी तपासणीला गेलो, तर त्यानं दोन्ही दोर बैलाच्या दाव्याच्या गाठीनं बांधलेले.

"हे काय?"

"अण्णा, ह्या गाठीतनं आमचा बैल कधी सुटला न्हाई बघा."

"आणि पहाटे तुला सुटणार का?"

"सुटतंय की. बिडू री अण्णा."

बिडू, म्हणजे सोडा. मी हसलो, सोडून दिलं आणि पुढच्या झाडाकडं गेलो.

रात्री पाऊस झाला. आमचे दोर तेव्हा सुताचे. भिजले की फुगतात आणि गाठ दगड होते. चार पंचेचाळीसला नऊ झोळ्या उतरल्या होत्या. मारुती नखांनी गाठ उकरत होता. मी खंदकातून दबक्या आवाजात म्हणालो, "सोड ती. खाली ये."

"झालं अण्णा, एकच ऱ्हायलीया."

चार बावन्नला समोरच्या बांबूच्या बेटातून एल.एम.जी., म्हणजे हलकी मशीनगन, सुरू झाली. आमच्यात उभा माणूस तो एकटाच होता.

आम्ही दहा मिनिटं फायर केलं, हल्लेखोर पळाले. मारुतीला पोटात दोन गोळ्या लागल्या होत्या. मी रेडिओ घेतला.

"कॅज्युअल्टी वन, सीरियस. ओव्हर."

"ढग आहेत, हेलिकॉप्टर नाही. रोडहेडपर्यंत उचलून आणा. ओव्हर."

दोर चाकूनं कापला. त्याच झोळीत त्याला घातलं, झोळी बांबूला अडकवली आणि निघालो. चढ होता. तो पाणी मागत होता. पोटाच्या जखमेला पाणी देत नाहीत, मी दिलं नाही. सात वीसला मागणं थांबलं. रोडहेड, जिथं गाडीरस्ता संपतो ते ठिकाण, अजून दोन तासांवर होतं.

रजेवर आलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील, अप्पा, पडवीत बसले होते. गाठ सुटली नाही, ते सगळं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्याला सांगितलं न्हवतं?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

खोटं नव्हतं, नियम सगळ्यांनाच सांगितलेला होता. पण अप्पांनी त्याचा अर्थ लावायचा तोच लावला. पोरगं हट्टी, वरच्याचं ऐकलं नाही म्हणून गेलं, असं ते मरेपर्यंत गावात सांगत राहिले. दर रजेत माझ्या कानावर यायचं. पुढचं वाक्य बोलायला मी एकदाही त्या पडवीत गेलो नाही. गोळीबाराला मी कधी घाबरलो नाही, त्या म्हाताऱ्याला घाबरलो. त्याची आजही लाज वाटते.

अप्पा आता नाहीत. मारुतीची थोरली बहीण, अक्का, अळणावरला असते. हे लिहून झालं की तिच्यासमोर बसून वाचायचंय. शिपाई मारुतीनं ती गाठ माझा हुकूम मोडून ठेवली नव्हती. गाठ तपासायचं काम माझं होतं, आणि मी ती तपासून तशीच राहू दिली होती.