भरलं का, मास्तरीणबाई?

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं आणि विमलभाभींची हाक आली नाही. भोकरदनच्या आमच्या गल्लीत भाभींचं घर खालच्या टोकाला, माझं चढावर. त्या आपलं भरून तोटी बंद करायच्या, तेव्हा कुठं पाणी माझ्यापर्यंत चढायचं. थोड्या वेळानं खालून आवाज यायचा, "भरलं का, मास्तरीणबाई? बंद करा मंग!" त्या दिवशी मी तोटीखाली बादली लावून वाट पाहत होते आणि आली ती त्यांची सून रेखा, अनवाणी, धापा टाकत. "मम्मीजी उठतच न्हाईत..." एवढंच म्हणाली. मी बादली तशीच टाकून पळाले.

मी टेंभुर्णीच्या शेतकरी घरातली, नोकरीसाठी इथं आलेली मास्तरीण. भाभी इथल्या जुन्या मारवाडी किराणा दुकानदाराच्या घरच्या. ओळख झाली ती भांडणातून. नळ आला की घरातलं उरलेलं पाणी शिळं म्हणून ओतायचं आणि ताजं भरायचं, ही सगळ्या गल्लीची रीत. मी अंगणात हंडा उपडा करत होते आणि भाभी रस्त्यातच थांबल्या. "भाकर शिळी होते बाई, झाकलेलं पाणी कशानं शिळं होईल?" मला शिकवणारी ही कोण, म्हणून मी दोन दिवस बोलले नाही. त्यांनी मात्र तिसऱ्या दिवशी कैरीचं लोणचं पाठवलं.

बचत गटाच्या बायकांबरोबर त्या एकदा गावाला पाणी पुरवणारं पंपघर पाहून आल्या होत्या. तेव्हापासून त्यांचं हे पाणी वाचवणं सुरू झालं. "पायाखालची फरशी थरथरून राह्यली व्हती. मला वाटायचं, पाणी आपलं आपण चालत येतं. बिलकुल न्हाई! इजेवर रेटत आणावं लागतं त्याला." त्यांचे यजमान मोतीलालजी विजेच्या बाबतीत भारी चिक्कू. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की घर डोक्यावर घ्यायचे. भाभींनी त्यांना मोरीत नेऊन ठिबकणारी तोटी दाखवली. "हा बी दिवाच हाय. रात्रंदिवस जळून राह्यला बघा." त्याच दिवशी नवा वायसर बसला. मग त्या कोपऱ्यावरच्या गळक्या व्हॉल्व्हमागे लागल्या. तो दुरुस्त होईपर्यंत नगरपरिषदेतल्या माणसांना त्यांनी चैन पडू दिली नाही. दुरुस्ती झाली, शेजारीपाजारी तोट्या बंद करू लागले आणि माझ्या चढावरच्या नळाला, मोटर न लावता, धार आली. मी मोटर काढून माळ्यावर टाकली तेव्हा भाभी टाळ्या वाजवत हसल्या होत्या. गल्लीचं भरून झालं की पाणी सोडणाऱ्याला फोन करायचं कामही त्यांचंच. "जल्दी फिरव बाबा पुढच्या गल्लीला, तिकडं पंपघरात मोटर फुकट चालून राह्यली."

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी एका घरी मयतीला गेल्तो. घरात माणूस गेलं की साठवलेलं सगळं पाणी ओतून देतात. तिथंही पिंपं रिकामी होत होती. परत येताना भाभी वाटेत थांबल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "माझ्या येळी ओतू देऊ नका. तुमचं ऐकतेत लोक." मी रागावले. असलं अभद्र बोलू नका म्हणाले. पण त्यांनी हात सोडला नाही... मी हो म्हटलं, तेव्हा सोडला.

आणि त्या सकाळी भाभी समोर जमिनीवर निजवलेल्या होत्या आणि त्यांची मोठी जाऊ पिंपाचं झाकण काढत होती. "नळ आलाच हाय. हे ओता, नवं भरा." मी मध्ये पडले. कसंबसं म्हणाले, "जाऊबाई, थांबा. त्यांनी मला सांगितलं होतं." जाऊबाई संतापल्या. "मयताच्या घरचं पाणी कोण पिणार? तुम्ही पिता का?" रेखा पुढे झाली आणि पिंपाला हात लावून रडत उभी राहिली. तेव्हा सकाळपासून भिंतीला टेकून बसलेले मोतीलालजी बोलले. "तिनंच भरलेलं हाय. ह्याच पाण्यानं न्हाऊ घाला तिला."

तसंच झालं. उरलेलं पाणी स्मशानातून परतलेल्या माणसांच्या आंघोळीला पुरलं. एक तांब्याही ओतून दिला नाही. मी दिलेला शब्द राहिला, पण भाभी राहिल्या नाहीत, आणि त्या शब्दाचं समाधान मला आजही वाटत नाही.

त्या दिवशी दुपारी घरी आले तर माझं अंगण ओलंचिंब होतं. खालच्या घरानं पाणी भरलंच नव्हतं, म्हणून चढावर भरपूर आलं होतं. बादली भरून वाहिली होती आणि बंद करा म्हणणारं कुणी नव्हतं. त्या चिखलात बसून मी पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

आता महिना होऊन गेला. परवा नळ आला. मी तोटीपाशी उभी राहिले. बादली काठोकाठ भरली आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "भरलं, भाभी!" माझं मलाच कसंतरी झालं. मग खालून मोतीलालजींचा घोगरा आवाज आला.

"बंद करा मंग."