मशिदीपुढं थांबणारं घोडं

लढाईच्या वर्षांतला आमचा सांगलीचा टांगेवाला भलता बडबड्या. गिऱ्हाईक नसलं तर घोड्याशी बोले. रमजानचे शेवटचे दिवस मात्र तो अख्ख्या मोहल्ल्याच्या वतीनं मशिदीत पडद्याआड इबादतीला बसे; चंद्र दिसेपर्यंत बाहेर पाऊल नाही. तेव्हा टांगा त्याचा भाऊ हाकी. पण मशीद आली की घोडं अडे, खिंकाळे. आतून हूं की चूं नाही.

ईदच्या दुपारी तो मला स्टेशनवर न्यायला आला. मी विचारलं, "घोड्याचं ऐकू यायचं का रे?"

"व्हय की! लय जीव तुटायचा. पर आवं, समद्यांसाठी बसल्यालो, उठून कसं चालंल?"

मग खाली उतरून घोड्याला खजूर भरवत तो साचलेलं सगळं त्याला सांगत राहिला. माझी गाडी चुकली. त्याला थांबवायला माझी जीभ रेटली नाही.