पुस्तकात न सापडलेले पेशंट

दवाखान्यात काही वर्षं काढली की औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधं निदान संपतात तरी!

मी सांगलीचा, कृष्णाकाठचा. सत्तरच्या दशकात दुष्काळी माण तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून गेलो. माणसाचं शरीर सगळीकडे सारखंच, असं कॉलेजात शिकलो होतो. तिथं सगळा गोंधळच झाला.

*

मुतखड्याच्या एका बाईंना म्हटलं, "पाणी भरपूर प्या."

"तहानच लागत न्हाई वं! आन् लागली तर आणू कुठनं?"

मला हसू आलं. दिवाळीला सांगलीला गेलो. आईनं तांब्याभर पाणी दिलं. मी अर्धं प्यालो आणि उरलेलं झाकून ठेवलं. आई बघतच राहिली. "अरे, नदी काय आटली का?"

*

मुंबईच्या कापडगिरणीतला एक कामगार रजेवर आला. झोपच लागेना. "घरात लय शांत हाय, डाक्टर. कान दुखत्यात!"

गोळ्या दिल्या, उपयोग शून्य. आठवड्यानं आला तो एकदम ताजातवाना.

"दुपारी पिठाच्या चक्कीत झोपतो. पट्टा थांबला की तेवढी जाग येती!"

*

एक मेंढपाळ माझ्यावर उखडला. "गेल्या बारीला तुमीच कडू औषध दिलं!"

तेव्हा मी रजेवर होतो. माझ्या जागी आलेले डॉक्टर बुटके, टकलू. मी उंच, डोक्यावर जंगल!

"आवं, मेंढरांची तोंडं कशी येगयेगळी असत्यात. तुमची डाक्टरांची सारखीच की!"

*

पारूबाईंना अर्धांगाचा झटका आला. त्यांचे यजमान धोंडीबा त्यांना बैलगाडीतून घेऊन आले. काही दिवसांनी म्हातारी बोलायला लागली, पण एक शब्द कुणाला कळेना. मेंदूला इजा झाल्यानं बरळतेय, असं मी ठरवून टाकलं.

एका सकाळी कर्नाटकच्या सीमेवरच्या जतकडच्या एक नर्सबाई नव्यानं रुजू झाल्या. म्हातारीचं बोलणं ऐकून त्या थबकल्याच.

"डॉक्टर, या बरळत नाहीत. कानडी बोलताहेत!"

"कानडी?" धोंडीबा चक्रावले. "म्हायेर तिकडचंच हाय. पर लगीन होऊन आली तवा एवढीशी हुती. उभ्या जन्मात तिच्या तोंडनं कानडी ऐकली न्हाई मी!"

मराठी पार पुसली गेली होती. कशी, ते मला सांगता येईना.

"काय म्हंतीया ती?" धोंडीबांनी विचारलं.

नर्सबाई घुटमळल्या. "म्हणताहेत, हा म्हातारा कोण? बिचारा केव्हापासून बसलाय. त्याला कुणी जेवायला घातलं का?"

धोंडीबांनी पटका नीट केला.

"तिला सांगा, न्हाई म्हणावं. अजून उपाशीच हाय."